लिव्हरवरचा हात

डाव्या इंजिनाचा नारिंगी दिवा लागला आणि कॅप्टनची झोप खाडकन उतरली. निदान तिला तसं वाटलं.

"कॉफी कोमट देतात, आणि हे बघा," को-पायलट म्हणाला. आवाज मात्र थट्टेचा नव्हता. "डावं तापतंय, मॅडम."

मागे भरलेलं विमान पेंगत होतं.

सकाळी ड्यूटी ऑफिसरने रोजच्यासारखं विचारलं होतं, "फिट ना, कॅप्टन?" त्याचं वाक्य संपायच्या आत ती रोजच्यासारखं "फिट" म्हणाली होती. बाळाला दात येत होते. रात्रभर ते खांद्यावर, आणि तिच्या खोलीभर येरझाऱ्या. नवरा उठला की म्हणायची, "झोप तू, जमतंय मला." आत्ताही युनिफॉर्मच्या खिशात बाळाचा एक मोजा होता. कसा आला, देव जाणे.

"चेकलिस्ट वाच," ती म्हणाली.

"ऑटो थ्रॉटल बंद."

"बंद." आता इंजिनांची ताकद आपोआप नाही, हातानेच कमी-जास्त होणार होती.

"तापलेल्या इंजिनाची लिव्हर सावकाश मागे."

दोन इंजिनांची ताकद कमी-जास्त करणाऱ्या दोन लिव्हर, म्हणजे दांडे, शेजारी-शेजारी होते, आणि इथे एक शिस्त होती. लिव्हरवर हात ठेवायचा, कुठली ते मोठ्याने सांगायचं, आणि दुसऱ्याने बघून 'हो' म्हटल्याशिवाय ती हलवायची नाही. मग तुम्ही कितीही मोठे कॅप्टन असा.

तिने हात ठेवला. "डावी."

"नाही," को-पायलट म्हणाला.

तिने खाली पाहिलं. हात उजवीवर होता. धड चाललेल्या एकुलत्या एका इंजिनावर. तिने हात सरकवला.

"डावी."

"हो."

लिव्हर बोटभर मागे. आणखी बोटभर. दिवा विझला. जवळच्या विमानतळावर ते उतरले. उतरताना कॉकपिटच्या उघड्या दाराशी एक आजोबा थबकून म्हणाले, "अगदी लोण्यासारखं उतरवलंस गं, पोरी."

विमान रिकामं झालं तरी दोघं बसूनच होती.

"मघाचं ते माझ्या तोंडून कुठे जाणार नाही, मॅडम."

तिला रडू आलं असतं, पण तेवढं त्राण नव्हतं. "तू बोललास म्हणून आपण इथे बसलोय. आता गप्प कशाला बसतोस?"

तेवढ्यात फोन वाजला. ड्यूटी ऑफिसर.

"मानलं बुवा तुम्हाला! उद्या सकाळची फेरी तुम्हालाच देतो. फिट ना, कॅप्टन?"

उत्तर ओठांवर तयारच होतं. खिशातला मोजा तिने मुठीत धरला. या वेळी तिने वाक्य पुरतं संपू दिलं.

"नाही," ती म्हणाली.