केतकीच्या अक्षता

"आता वधूपित्याने स्वतः रचलेलं मंगलाष्टक!" भटजींनी माइक दामल्यांकडे दिला. पहिल्याच ओळीला तिसऱ्या रांगेतल्या नलूताईंची अक्षतांची मूठ आवळली.

मंगलाष्टक त्यांचं होतं! लेकीच्या, केतकीच्या लग्नासाठी रचलेलं. पण केतकीने परस्पर रजिस्टर लग्न उरकलं, मायलेकींचं बोलणं तुटलं, आणि मंगलाष्टक महिला मंडळाच्या अंकात छापून तसंच राहिलं.

'थांब चोरा, पंगतीत सोलते तुला,' नलूताई पुटपुटल्या.

दामले मात्र डोळे पुसत इतक्या मनापासून गात होते, की शेवटी नाव बदलायचंच राहिलं: "राहो सुखी केतकी!"

नवरी ईश्वरी चमकली. मांडवात कुजबुज उठली, "ही केतकी कोण हो?" दामल्यांना घाम फुटला.

ते नाव मांडवात ऐकून नलूताई चोरी विसरल्याच. त्या उठल्या. "माझी लेक! तिच्यावर अक्षता पडल्याच नाहीत. म्हणून मीच दामलेभाऊंना म्हटलं, तिचंही नाव घ्या."

थाप सगळ्यांनी गिळली. दामल्यांनी दुरूनच हात जोडले. "सावधान" झालं, अक्षता उधळल्या.

नलूताईंची मूठ तेवढी मिटलेलीच होती. त्या अक्षता त्यांनी पदराच्या गाठीत बांधल्या आणि न जेवताच केतकीच्या घरची रिक्षा धरली.