पाठीची फळी

रॅक पुन्हा डुलला. ग्रंथपालांनी हात काढला तसा तो सावकाश डावीकडे कलला आणि तिरकाच थांबला.

निवृत्तीपर्यंतचं आयुष्य पुस्तकांच्या कपाटांमध्ये गेलं, पण जोडलं त्यांनी एकही नव्हतं. रॅकसोबत आलेला जोडणीचा कागद त्यांनी पुनःपुन्हा वाचला होता, पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. तरी हे असं. आपल्याला जमणार नाही हे त्यांना कागद उघडण्याआधीच वाटलं होतं.

लेकीने फोनवर बजावलं होतं. ती आता आधाराने उभी राहते, हाताला लागेल ते धरून पावलं टाकते. जमिनीवरचे पुस्तकांचे ढीग आधी उचला. आणि रॅक असा हवा, की तिने धरला तरी हलता कामा नये. नाहीतर ती आमच्याकडेच बरी.

ग्रंथपाल "बरं" म्हणाले होते. फोनवर तिचं बोलणं अजून फारसं कळत नसे. पण एखादा नवा शब्द कळला, की त्यांचा दिवस खुशीत जाई.

शेजारचे घड्याळजी डोकावले. रॅकभोवती फेरी मारून त्यांनी चहाचा कप ठेवलेल्या पातळ प्लायवूडकडे बोट दाखवलं.

"हा काय, ट्रे?"

"पॅकिंगचा असावा."

"साहेब, ही त्याची पाठ. पाठ काढून घेतल्यावर तो ताठ उभा राहील कसा?"

ग्रंथपालांचे कान तापले. घड्याळजी हातोडी मागायला लागले, पण त्यांनी ती दिली नाही. दोन्ही कर्ण सुतळीने मोजून सारखे केले आणि पाठ स्वतःच ठोकली. रॅकचं डुलणं थांबलं. एका पायाखाली पाचर सारली, वरून दोन लोखंडी पट्ट्यांनी तो भिंतीला आवळला. कोपरे काचपेपरने गोल केले. जाडजूड शब्दकोश सगळ्यात खाली गेले.

मधल्या फळीचं कागदावरचं माप मात्र त्यांनी सोडून दिलं. स्वयंपाकाच्या ओट्याची उंची मोजून आणली आणि फळी तिथे स्क्रूने पक्की केली. का, असं घड्याळजींनी विचारलं, तर म्हणाले, "असू दे."

रविवारी ती आली. दारातच तिने लेकीचा हात सोडला. डगमगत दोन पावलं टाकली, मधली फळी गच्च धरली आणि सगळा भार तिच्यावर टाकला.

रॅक तसूभरही हलला नाही.

लेकीने बापाकडे पाहिलं. ग्रंथपाल उगाच चष्मा पुसत होते, पण मान ताठ होती.

तिने फळीवरून बोटं फिरवली, एक हलकासा धक्काही देऊन पाहिला. मग ओठांच्या एकाच कोपऱ्यातून हसत, एकेक शब्द जुळवत ती म्हणाली,

"अहो... लग्न झाल्यापासून... हे पहिलं काम... धड केलंत."