हर्डी-गर्डीची तपासणी

विमानतळावर ह्यांची हर्डी-गर्डी तपासणीत अडकली. पडद्यावर तारा, चाक आणि ते फिरवायचं हँडल दिसल्यापासून तपासनीस बाई हटूनच बसल्या होत्या. “वाद्य आहे ना? मग वाजवून दाखवा. नाहीतर सामानाबरोबर खाली जाईल.” तिथल्या आदळआपटीत चाकाला तडा ठरलेलाच, आणि तसं चाक घडवणारा कारागीर आता उरलेला नाही. ह्यांनी हँडल फिरवलं, डोळे मिटले आणि भजन धरलं. पहिल्या कडव्यालाच बाई विरघळल्या. “पटलं, आजोबा. बरोबर घेऊन जा.” पण देवाचं गाणं अर्धवट सोडतील तर हे कसले! “अहो, आवरा! विमान सुटेल,” मी कोपर मारलं. ऐकतंय कोण! लाउडस्पीकरवर आमची नावं पुकारली. तेवढ्यात बाईंनी वॉकीटॉकी तोंडाशी धरला. “दोन प्रवासी यायचेत. थांबा जरा, भैरवी चाललीय.” मग मीही निर्धास्तपणे टाळी धरली.