फिरती थाळी

खांडबाऱ्यापासून तापीकाठापर्यंत लग्नांत ग्रामोफोन वाजवणाऱ्या दोधूचा एकच दंडक होता : तबकडीखालची फिरती थाळी थांबल्याशिवाय तबकडी उचलायची नाही. पण अठ्ठावन्न सालच्या वैशाखात हळद त्याच्याच लेकीची, धनूची होती. चुकून पाठवणीचं गाणं लागलं आणि पाटावर बसलेली पोर हुंदके देऊ लागली. दोधूने घाईघाईने सुई बाजूला केली, फिरत्या थाळीवरून तबकडी उचलली नि दुसरी शोधायला पेटीत हात घातला.

रिकामी थाळी गरगरत होती. पितळी कर्ण्यातून कुणीतरी खोकलं.

त्या खोकल्याशेजारी दोधू अख्खा हिवाळा जागला होता. बायकोला, दगूबाईला, अग्नी देऊन त्याला आता दोन वर्षं झाली होती.

"धनू, हळद लागनी का व तुले?" कर्ण्यातून दगूबाईने विचारलं.

बायकांचे हळदीचे हात जागच्या जागी थिजले. धनू मात्र हसली. किती दिवसांनी हसली होती ती! "हाव माय," ती म्हणाली, "काकू लाई ऱ्हायनी."

दोधूने थाळी थांबवली नाही. कोण थांबवील? मायलेकी बोलत राहिल्या आणि तो डोळे पुसत ऐकत राहिला. चावी द्यायचं त्याला भानच राहिलं नाही.

मग थाळी मंदावली. दगूबाईचा आवाज जाड झाला, ओढल्यासारखा लांबला आणि थांबला.

"आबा..." धनूने हाक मारली.

दोधूने वळून पाहिलं. धनूचे ओठ हळूहळू हलत होते, आणि तिचाही आवाज तसाच जाड होत, लांबत चालला होता.