प्रतिपिंड

कावळा शिवेना.

देहूला इंद्रायणीच्या काठावर हरिहर साहेबांचा पिंड तासभर उन्हात होता. त्यांचे थोरले भाऊ सदाशिव हात जोडून एकेक कबूल करत होते. मुलीचं लग्न थाटात करू. स्कूटर विकणार नाही. शेजाऱ्याशी चाललेला भिंतीचा दावाही मागे घेणार नाही. कावळा बाभळीवर बसून मान तिरकी करून सगळं ऐकत होता, पण हलत नव्हता.

"दवाखान्यात शेवटी एकच विचारत होते," साहेबांच्या पत्नी पद्मावहिनी म्हणाल्या. "रेघ आली का? आम्हाला वाटलं, भ्रम झालाय."

सगळ्यांनी जयसिंगकडे पाहिलं. तो पिंपरीच्या प्रयोगशाळेत साहेबांचा मदतनीस. घर बौद्ध, पिंड आणि कावळा दोन्ही न मानणारं. तो आला होता फक्त साहेबांसाठी.

"साहेबांचं काम प्रतिपिंडावर होतं," तो म्हणाला.

"म्हणजे अजून एक पिंड मांडायचा?" गुरुजींनी भाताकडे हात नेला.

"न्हाई, न्हाई गुरुजी." जयसिंगने समजावलं. गंधकावर जगणारे जंतू असतात. पिंपळे गुरवच्या नदीतल्या चिखलातून साहेबांनी असा एक जंतू काढला. त्याचं एन्झाइम सशाला टोचलं. सशाच्या रक्तात ते ओळखणारं प्रतिपिंड तयार झालं. आता ते दुसऱ्या जंतूच्या एन्झाइमसमोर प्लेटवर ठेवायचं. नातं असेल तर मधे पांढरी रेघ उमटते. देहूरोडच्या गंजक्या पाइपातला जंतू याचाच भाऊबंद, अशी साहेबांची खात्री होती.

"मग आली का रेघ?" वहिनींनी विचारलं.

साहेब गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी जयसिंगने एकट्यानेच ती प्लेट उजेडासमोर धरली होती. कोरी. साहेब चुकले होते. तेव्हापासून त्याने हे कुणाला सांगितलं नव्हतं, कारण ज्याला सांगायचं तो माणूसच जागेवर नव्हता. गेल्या दहा दिवसांत तो रडलाही नव्हता.

त्याने वर पाहिलं. साहेब चष्म्यावरून बघायचे तसा कावळा त्याच्याकडे बघत होता. अगदी तस्सा. काही न मानणाऱ्या जयसिंगलाही वाटलं, असतीलही साहेब. पण वहिनींचे डोळे त्याच्यावरच होते.

तो पिंडापाशी गेला.

"साहेब, रेघ आली. एकदम ठसठशीत."

कावळा झपकन खाली आला आणि घास घेऊन उडाला.

"आले होते हे," वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. सदाशिवांनी जयसिंगची पाठ थोपटली. गुरुजींना आणखी एक दहावा गाठायचा होता, ते भराभर आवरू लागले.

जयसिंग लांब जाऊन एका धोंड्यावर बसला आणि पहिल्यांदा हुंदके देऊन रडला. आला होता तो नुसता कावळा होता. अकरा वर्षांत साहेबांनी जयसिंगने सांगितलेली एकही रेघ, प्लेट स्वतः बघितल्याशिवाय, खरी मानली नव्हती.