दुभाष्या

"एकच विचारायचंय," सिराज बंगालीत म्हणाला. "शेवटी माझ्या पोराजवळ कुणी होतं का?"

आमदार आलोक लाहिरींनी प्रश्न हिंदीत सांगितला. समोर झहूर मान खाली घालून बसला होता. कुवेतमधल्या सुलैबियाच्या गोदामात गाडी मागे घेताना सिराजचा मुलगा अफताब त्याच्या चाकाखाली आला होता. झहूर जामिनावर होता. बापाने उद्या कोर्टात माफी दिली तर शिक्षा हलकी होणार होती. नाही दिली, तर तुरुंग.

आलोकबाबूंना ही भेट नकोच होती. अर्धं आयुष्य त्यांनी बंगालमधल्या बहरामपूरच्या कोर्टात वकिली केली, मग निवडणूक लढवली. आमदार झाले तरी लोक त्यांना वकीलबाबूच म्हणत. अफताबच्या गावात भर सभेत त्यांनी शब्द दिला होता की, ड्रायव्हरला सुटू देणार नाही. निवडणूक पुन्हा तोंडावर आली होती. पण कुवेतला उतरल्यापासून सिराजने धोशा लावला होता, त्या माणसाला भेटायचं. म्हणून ते झहूरच्या फरवानियातल्या या खोलीत आले होते. त्याच्या बायकोने, सफियाने, चहा आणून ठेवला आणि ती दाराशी उभी राहिली.

"मी होतो," झहूर हिंदीत म्हणाला. "त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. पाणी मागत होता. बाटली गाडीतच होती. लोक म्हणाले, जखमीला पाणी देऊ नको. मी नाही दिलं. तो मागतच राहिला. अँब्युलन्स यायच्या आधी गेला."

आलोकबाबू थांबले. जसंच्या तसं सांगितलं, तर म्हातारा माफी देणार नाही. गावात दिलेला शब्दही राहील. त्यांनी सिराजकडे पाहिलं. तो त्यांच्या ओठांकडे बघत होता.

"अफताबचं डोकं याच्या मांडीवर होतं," ते बंगालीत म्हणाले. "त्यानं पाणी मागितलं. यानं पाजलं. मग तो शांतपणे गेला."

सिराजने डोळे मिटले. त्याचे खांदे सैल झाले.

झहूरने मान वर केली. गोदामात तो बंगाली पोरांबरोबरच काम करायचा. एवढं त्याला कळत होतं.

"नाही साहेब. मी पाजलं नाही."

"तुमी गप बसा ना," सफिया दारातून हलकेच घरच्या बोलीत म्हणाली.

झहूर सिराजकडे वळला आणि येत होतं तेवढ्या बंगालीत बोलला, "चाचा, आमि पानी दिइनि. मी दिलं नाही."

सिराजने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग आलोकबाबूंकडे.

"तो म्हणतो तेच खरं," आलोकबाबू म्हणाले. "मला वाटलं, तुला..." मग त्यांनी बाटलीचं, लोकांनी अडवल्याचं, सगळं सांगितलं.

सिराजने विचारलं, "लोक नको म्हणाले, म्हणून नाही दिलं?"

या वेळी आलोकबाबूंनी शब्दाला शब्द सांगितला.

"हो," झहूर म्हणाला. "आता रोज वाटतं, द्यायला हवं होतं. घोटभर तरी."

तेही त्यांनी तसंच सांगितलं.

सिराज गुडघ्यावर हात टेकून उठला. "त्याला सांगा, उद्या मी माफी देतो."

आलोकबाबूंनी सांगितलं. सफिया भिंतीला टेकून खाली बसली. झहूर उभा राहिला. सिराजने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो बाहेर पडला.

लिफ्टची वाट बघताना त्याने गमछ्याने तोंड पुसलं.

"गावात मीच सांगेन," तो म्हणाला. "तुमच्यावर बोल येणार नाही."

"बरं."

"वकीलबाबू, विधानसभेत आमच्या वतीनं तुम्हीच बोलता ना?"

"हो."

"तिथे, आज त्यानं म्हटलं तसं, 'असं नाही' म्हणायला आमच्यातलं कुणी असतं?"

लिफ्ट आली. आलोकबाबूंनी दार धरून ठेवलं आणि त्याला आधी आत जाऊ दिलं.