लाल गाडीचा फोटो

येरमाळ्याला हायवेवर रिजवानचं फ्लेक्सचं दुकान. महारुद्र काका आले नि म्हणाले, "गाडी विकणे आहे, असा बोर्ड करून द्या." गाडी म्हणजे जुनी, बुटकी, लाल विलायती, मागची सीट काढून, इंजिन बदलून रेसिंगसाठी केलेली. बॉनेटला टेकून त्यांचा पोरगा रणधीर उभा होता, गाडीचा तेवढा एकच फोटो.

"पोराला काढा त्यातनं. गाडी तेवढी ठेवा."

रिजवानची बायको, फलक, डिझाइन करायला कॉम्प्युटरवर बसायची. तिला फोटो शोधावा लागला न्हाय. गाडी घेतली तवा रणधीरच्या 'हार्दिक अभिनंदन'ला तोच लावला होता, अन् गेल्या महिन्यात तीच गाडी पळवताना तो गेला, तवा 'भावपूर्ण श्रद्धांजली'लाही तोच.

बोर्ड लागला, गाडी लगेच गेली. नवा मालक, बेंबळीचा योगीराज, तसाच बॉनेटला टेकून काढलेला फोटो घेऊन आला. डोळ्यावर गॉगल, चेहरा हसरा.

"भाभी, अभिनंदनाचा लई मोठा फ्लेक्स करा. चौकात लावायचाय."

फलकनं झकास करून दिला. तो गेल्यावर तिनं रिजवानला विचारलं, "काम झालं. ह्याचा फोटो डिलीट करू?"

 

"नको, राहू दे. परत लागंल."